मऊ रबर

अक्का गेली. दाजी तिच्या आधीच गेले. आता मी खरं बोललो तरी त्या घरात दुखावायला कुणी उरलेलं नाही, म्हणून बोलतो. कोल्हापुरात अजूनही लोक मला भाच्याला सडके टायर घालणारा मामा म्हणूनच ओळखतात. ओळखोत बापडे. त्यांच्यासाठी मी हे सांगत नाही. सांगितल्याशिवाय राहवत नाही, एवढंच.

शाहूपुरीत, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. खरं सांगायचं तर टायर घ्यायला येणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. आल्या आल्या टायरला लाथ मारून बघतात, 'टिकंल का?' म्हणून विचारतात, आणि तासभर माझं डोकं खाऊन शेवटी शेजाऱ्यानं घेतला तोच घेऊन जातात. टायर टिकायला नसतो बाबांनो, रस्ता धरायला असतो, असं मी आयुष्यभर ओरडत आलो. ऐकून घेणारा एकच गिऱ्हाईक मला भेटला, तो माधव.

माधव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा. दाजी, म्हणजे त्याचे वडील हंबीरराव, संस्थानात मामलेदार होते. संस्थान विलीन झालं तेव्हा बऱ्याच बड्या घरांनी मोटारी विकायला काढल्या. त्यातली एक हिरवी, उघडी, दोनच माणसांची एम.जी. माधवनं हट्टानं पदरात पाडून घेतली. चाकं सायकलीसारखी तारांची, उंच आणि बारीक. बसलं की बूड रस्त्याला टेकतंय की काय असं वाटायचं. पोरगा वकिलीची सनद घेऊन नुकताच कोर्टात जायला लागला होता, पण त्याचं सगळं लक्ष पन्हाळ्याच्या चढावर. तिथं वळणावळणाला गाडी ओरडायला लागली की स्वारीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मी एकदा शेजारी बसून गेलो होतो. उतरलो तेव्हा तो हसत होता. त्याला शिव्या दिल्या आणि मनातून मला तो फार आवडला. मला मूलबाळ नाही. जे काय माझं होतं ते हेच.

गाडीचे टायर मात्र जुन्या मालकाच्या वेळचे. नक्षी पुसून गुळगुळीत झालेली, दोन ठिकाणी आतलं कापड दिसायला लागलेलं. मी त्याला बजावलं होतं की हे बदलेपर्यंत पन्हाळा बंद. तो 'बरं' म्हणायचा आणि जायचा.

एक दिवस अक्का टांगा करून दुकानात आली. इतक्या वर्षांत ती माझ्या दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढत होती. टायरांच्या ढिगाकडं बघत पदर सावरून उभी राहिली.

"ज्ञानू, गाडी सोड म्हणून सांगून सांगून माझं तोंड दुखलं. सोडत न्हाई त्यो. मग तू तरी असलं टायर दे की त्यो पडायचा न्हाई."

"अक्का, टायर म्हंजे काय अंगारा हाय व्हय?"

"अंगारं सगळं करून झालं. म्हणून तर तुज्याकडं आलोय."

मी हसलो, पण ती हसली नाही. माधवच्या आधी तिची दोन पोरं पाळण्यातच गेली होती आणि हा तिसरा तिनं तळहातावर वाढवला होता. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की ह्या गाडीला कोल्हापुरात कुणी घातला नसेल असा टायर घालायचा.

तेव्हा ही मंडळी कसबा बावड्याच्या रस्त्यावर नव्या घरात राहायला गेली होती. एका रविवारी संध्याकाळी मी तिथं बसून सगळा हिशेब मांडला. त्या मापाचे टायर मिळण्याच्या वाटा तीनच. एक, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा कडक टायर. जयसिंगपूरच्या बाजाराला दिवसभर माणसं वाहणाऱ्या टॅक्सीला उत्तम, दगडावरून जाऊ दे नाहीतर खिळ्यावरून. दुसरा रिसोल केलेला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला. वेगात त्याची साल निघते, म्हणून तो मी तिथल्या तिथं बाद केला. तिसरा विलायती, खास पळणाऱ्या गाड्यांसाठी केलेला. बारीक सरळ रेघांची नक्षी आणि मऊ रबर. तो वर्षा-दीड वर्षात झिजतो, पण झिजेपर्यंत वळणात रस्ता सोडत नाही.

"कडक घ्या," दाजी म्हणाले. "वरसात झिजणारं टायर घ्यायचं ह्याला काय अक्कल म्हणत्यात, ज्ञानबा?"

माझं डोकं तापायला एवढं पुरतं. "टायर झिजूंदे की दाजी! पोरगं राहूंदे. कडक रबर वळणात सटकतंय. मऊ असलं की रस्ता धरतंय. मी जन्म घालवलाय ह्यात."

"मामा बरोबर बोलतोय," माधव म्हणाला. त्याला तर मऊच पाहिजे होता.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे मुरलेल्या वहाणंगत म्हण की."

आमच्याकडं नवी वहाण कधी कुणी तशीच पायात घालत नाही. कोरी वहाण लाकडासारखी कडक असते, पायाला चावते आणि ओल्या फरशीवर सटकते. तिला रोज तेल पाजायचं, मुरू द्यायचं. मग ती मऊ होते आणि पाय धरते. हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तसंच समज," मी म्हणालो, आणि चहाची बशी तोंडाला लावली.

दाजींच्या मनातून मात्र ते गेलं नाही. 'मी कडक म्हणत होतो' हे वाक्य त्यांनी त्या संध्याकाळी गाठीला बांधून ठेवलं.

टायर आणायला मी स्वतः मुंबईला गेलो. बाहेरच्या मालावर तेव्हा सरकारची एवढी बंधनं होती की पाच टायर एका मापाचे आणि एका घाणीचे, म्हणजे एकाच वेळी बनलेले, मिळवणं म्हणजे दिव्यच. गोदामात मी एकेका टायरवर अंगठ्याचं नख दाबून बघितलं, वास घेतला, आतून हात फिरवला, उन्हात नेऊन कडा वाकवून भेगा शोधल्या. दुकानदार वैतागला. म्हणाला, टायर घेताय की नवरी? पाचही टायर निर्दोष होते. आजही शपथेवर सांगतो, निर्दोष होते.

मी परत आलो तो घटस्थापना तोंडावर. माधवला टायर त्याच दिवशी चढवायचे होते. पण अक्का ऐकेना. खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं, गाड्या सगळ्यांची पूजा होते. एवढे खास टायर आणलेत तर आधी पूजा होऊ दे आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडीला लावा, असं तिचं म्हणणं. दाजींनी तिची री ओढली. मीही म्हणालो, इतके दिवस थांबलास तर आणखी थोडं थांब, तोवर गाडी बाहेर काढू नको. पाच टायर अक्काच्या देवघरात भिंतीला टेकून उभे राहिले. नवरात्रभर मी दुकानाच्या गडबडीत होतो, तिकडं फिरकलो नाही.

दसऱ्याच्या सकाळी माझा फिटर पिराजी जाऊन टायर चढवून आला. टायर चढवताना कडेला साबणाचं पाणी लावावंच लागतं, त्यामुळं हाताला काही वेगळं लागलं असेल तरी त्याला कळायचं कारण नव्हतं. येऊन म्हणाला, "लई चकाकत हुती बघा, मालक. हळदीकुंकू लावून अक्कासाबांनी नवरीवानी सजवलीती." मला बरं वाटलं.

दुपारी हस्ताची एक सर येऊन गेली. ऊन पडलं, पण रस्ता ओलाच होता. संध्याकाळी माधव आईला म्हणाला, "मामाला सोनं देऊन येतो आणि जेवायला घेऊन येतो." बावड्याच्या त्या रस्त्यावर एक वळण आहे, आत वडाचं झाड. जुन्या, कापड दिसणाऱ्या टायरांवर तो ते वळण रोज जाता-येता घेत होता. त्या दिवशी मागचं चाक सटकलं आणि गाडी फिरून वडावर गेली. मी पोचलो तेव्हा लोकांनी त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात आपट्याची पानं होती. ती माझ्यासाठी होती. मी ती काढून घेतली आणि मला पुढचं काही आठवत नाही.

तिरडी उचलायच्या आधी दाजी सगळ्या भावकीसमोर माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जुन्यावर जगला हुता, ज्ञानबा. तुज्या नव्यावर मेला."

 मोडकी गाडी आणून ठेवली होती, तिचे टायर मी नंतर बघितले. वरचं रबर फुगलं होतं, बोट दाबलं तर खळगा पडून तसाच राहत होता. चिखल-माती चिकटून त्याची नक्षी भरून गेली होती. मागं बांधलेला जादा टायर तर रस्त्याला लागलाच नव्हता, तोही तसाच. पाचही टायर तसेच! म्हणजे मालच सडका होता आणि मला कळलं नाही, याशिवाय दुसरा अर्थ मला लागेना. देवघरात काही ग्रीस, रॉकेल नव्हतं. चढवताना टायरला काही लागलं होतं का, हे पिराजीला मी खोदून खोदून विचारलं. त्यानं जोतिबाची शपथ घेतली. तो जादा टायर मी दुकानात आणून खुर्चीशेजारी ठेवला, आणि रोज सकाळी दुकान उघडलं की त्यात अंगठा दाबून बघायचो. ज्या नखानं मी मुंबईला हे टायर पारखले तेच नख. मला वाटायचं, हे छाटून टाकावं.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. गिऱ्हाईक कमी झालं याचं काही वाटलं नाही. पण कुणी विचारलं, 'ह्यातला कुठला घेऊ?' तर 'तुमच्या मनाला येईल तो घ्या' म्हणायचो. आयुष्यभर ओरडून सांगणारा मी, मला एका टायरची हमी देता येईना. मी भाचा मारला का, एवढा एकच प्रश्न मला होता आणि तो विचारायला दारच नव्हतं.

दाजींनी मला घर बंद केलं. समोर आलो तर 'दुकानदार' म्हणायचे. एक अक्का तेवढी माझ्या बाजूनं उभी राहिली. पोटचा पोर गेलेली ती, पण नवऱ्याशी भांडून मला डबा पाठवायची. भावकीत कुणी माझं नाव काढलं की ताडकन उठायची. "ज्ञानूचा दोष न्हाई. पुन्हा त्येचं नाव घ्यायचं न्हाई." इतकं ठाम ती कसं बोलते ते मला कळायचं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यावर मी जगलो.

वर्षश्राद्ध त्याच तिथीला, म्हणजे दसऱ्यालाच आलं. अक्कानं हट्ट धरला की मामा आलाच पाहिजे. रस्त्यानं पोरं आपट्याच्या फांद्या घेऊन नाचत चालली होती, त्यातून वाट काढत मी बावड्याला गेलो. दाजी ओसरीवर होते.

"या, दुकानदार," म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

अक्का आत देवघराच्या उंबऱ्याशी बसली होती. श्राद्धाला दान द्यायची छत्री, पंचा, तांब्या असं सगळं मांडून ठेवलं होतं. तिच्या मांडीवर कोऱ्या वहाणांचा जोड होता आणि शेजारी वाटीत करडईचं तेल. बोटं बुडवून ती वहाणेच्या पट्ट्याला तेल चोळत होती, सावकाश, लहान मुलाला चोळावं तसं. मी समोर बसलो.

"दान द्यायची वहाण चावणारी नगं," ती म्हणाली. "घेनाऱ्याच्या पायाला लागली तर तिकडं माधवच्या पायाला लागंल." मग जरा वेळानं, वर न बघता म्हणाली, "ह्या खेपंला नीट मुरवतोय. गेल्या खेपंला माजा हात कमी पडला."

"कशाला हात कमी पडला?"

"टायरांला."

मला आधी कळलंच नाही. ती बोलत राहिली. वर्षभर पोटात धरलेलं ते होतं, आता सुटलं.

"तू म्हणालतास न्हवं, मऊ असलं की रस्ता धरतंय. मुरलेल्या वहाणंगत. मग मी घट बसल्यापास्नं रोज तेल पाजलं पाची टायरांस्नी. सकाळ-संध्याकाळ. वाटीभर पितेत रे, वहाणंपक्षा जास्त पितेत. डाग पडू नये म्हणून वरनं लुगड्यानं पुसायची. आठ दिसांत कशी मऊ आलती बघ, बोट रुतायचं. पण दसऱ्यादिवशी पावणं आलं, पोळ्या व्हायच्या हुत्या, पिराजी दारात उभा. पुढं गेली त्या दोघास्नी नीट लावलं आणि मागं गेली त्यास्नी निस्ता हात फिरवला." तिचे डोळे भरले. "मागचंच चाक सटकलं म्हणत्यात न्हवं? कडक ऱ्हायलं असणार त्ये. त्यास्नीबी नीट चोळलं असतं तर पोरगं आलं असतं माघारी. तुजा दोष न्हाई ज्ञानू. माजा हाय. कुणाला सांगू?"

 माझ्या दुकानातला पहिला नियम, पोऱ्या कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी सांगतो तो: टायरला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. तेल रबर खातं, फुगवतं, बुळबुळीत करतं. ज्या टायरला आठ दिवस तेल पाजलं आणि सकाळी पुन्हा चोळलं, तो ओल्या डांबरावर काय धरणार?

तर मी मारला नव्हता. माल सडका नव्हता, निवड चुकली नव्हती, माझं नख खोटं नव्हतं. आधी मनात हेच आलं, आणि एक श्वास मी सुखाचा घेतला. त्या श्वासाची मला आजही किळस येते. कारण समोर माझी बहीण बसली होती, हाताला तेल माखलेली, आणि ती म्हणत होती की आपण तेल कमी लावलं.

"काय म्हणतीया ती?" दारातून आवाज आला. दाजी उभे होते. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. "तेलाचं काय?"

दाजींना गाडीतलं काही कळत नव्हतं. पण ते चौकात बसणारे गृहस्थ. उद्या कुणा टॅक्सीवाल्यापाशी बोलता बोलता सहज म्हणाले असते की आमच्या मंडळींनी टायरांना तेल लावलं होतं, तर त्या टॅक्सीवाल्यानं जागच्या जागी कपाळाला हात लावला असता. मग ते घरी येऊन तिला काय म्हणाले असते, आणि त्यानंतर ती किती दिवस जगली असती, हे मला त्या घटकेला लख्ख दिसलं.

"तेलाचं काय न्हाई दाजी," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "तेलानं काय हुतंय? त्येचा काय संबंध न्हाई. टायरच वाईट हुती. गोदामात वरसानुवरसं पडलेला माल. निवड माजी चुकली."

 हे वाक्य माझ्या तोंडून ऐकायला दाजी वर्षभर थांबले होते.

अक्कानं मात्र मान हलवली. "उगं माज्यासाठनं बोलू नगंस. तू पारखून आणलंतंस. तुला कळलं न्हाई असं कसं हुईल?"

तिला पटत नव्हतं. माझ्यावरचा तिचा विश्वास एवढा होता की तो मोडायला अर्धं खोटं पुरणार नव्हतं.

"कळलं हुतं," मी म्हणालो.

तेल चोळणारा तिचा हात थांबला.

"भेगा बघितल्यात्या मी. दुसरं मिळंनात, मोकळ्या हातानं परत कसं यायचं म्हणून घेतली. वाटलं, चालत्याल."

 तिचं रडणं थांबलं होतं. मला वाटलं, आता तरी ओरडेल, तोंडात मारेल. तिनं फक्त तेलाची वाटी माझ्यापासून लांब सरकवली, आणि वहाणांचा जोड पदराखाली घेतला.

"ह्येला शिवू नगंस," ती म्हणाली. "त्येच्या हायत त्या."

मी उठलो. दारातून जाताना दाजी हळूच म्हणाले, "ज्ञानबा, पान मांडलंय. जेवून जा." वर्षात पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली.

"न्हाई," आतून अक्का म्हणाली. "त्येला जाऊंदे."

त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. डबा बंद झाला. पुढं ती पाच वर्षं जगली, मला वाटतं बरी जगली, रागानं माणूस तगतं. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी दारापर्यंत जाऊन आलो. सुनाट घरात भावकीतली एक बाई होती, ती आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, "नगं म्हणत्यात."

तो जादा टायर अजून दुकानात आहे. त्याच्यावरचा अंगठ्याचा खळगा आता कडक झाला आहे. परवा पिराजी म्हणाला, मालक, हे कशाला ठेवलंय, अडचण हुतीया, टाकून देऊ काय? मी त्याला म्हणालो, असू दे.